ल्योंचा माळी

फ्रान्सला जाणारा मनुष्य पॅरिस पाहून येतो. आम्ही मात्र मे महिन्याच्या सुट्टीत सपत्नीक ल्यों येथे भाच्याकडे उतरलो होतो, आणि आम्हांला ओढ होती ती तेथील एका जुन्या कारखान्याची. भुयारी रेल्वेच्या मोंप्लेझिर-ल्युमिएर स्थानकातून वर आले की जवळच एक रस्ता लागतो. त्याचे नाव 'पहिल्या चित्रपटाचा रस्ता'. रस्त्याला सेनापतीचे नाव न देता एका फितीचे द्यावे, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटले.

ल्युमिएर बंधूंचा छायाचित्रणाच्या काचा तयार करण्याचा कारखाना येथे होता. फाटकातून बाहेर पडणारे कामगार लुई ल्युमिएर यांनी मार्च १८९५ मध्ये येथेच टिपले. आता एका शेडचे लाकडी छप्पर तेवढे उरले असून त्याखाली चित्रपटगृह आहे. शेजारी त्यांच्या वडिलांनी बांधलेला प्रशस्त वाडा, त्यात संग्रहालय.

तेथे आम्ही तो माळी पाहिला. माळी नळीने बागेला पाणी घालीत आहे. मागून एक पोरगा येऊन नळीवर पाय देतो. पाणी थांबते. माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पोरगा पाय उचलतो, आणि फवारा थेट माळ्याच्या तोंडावर! मग पाठलाग, धरपकड आणि बुडावर चापट्या. अवघा पाऊण मिनिटाचा खेळ. माळ्याचे काम करणारे फ्रांस्वा क्लेर हे ल्युमिएर कुटुंबाचे खरोखरीचे माळी. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रां काफेत जी दहा चित्रे दाखविली गेली, त्यांत हे होते. (पुढे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात हा चमत्कार अवतरला, पण पहिल्या दिवशीच्या सहा चित्रांत आगगाडी होती, माळी नव्हता.) चॅप्लिन आणि कीटन यांच्या मूकपटांत भिजण्याचा, आपटण्याचा, पळण्याचा जो धुमाकूळ झाला, तो सारा या पाऊण मिनिटात बीजरूपाने आहे, असे आमचे मत.

एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटली. पोरगा पळत चित्राच्या कडेपर्यंत जातो. कॅमेरा तिवईवर खिळलेला. त्याला मान वळविणे ठाऊक नाही. म्हणून माळी त्याला पकडतो, ओढीत पुन्हा पुढे आणतो आणि मगच मारतो. शिक्षा प्रेक्षकांना दिसली पाहिजे ना!

फ्रेंच मुलांचा एक घोळका खदखदून हसत होता. आम्हांला हसू येईना. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या बागेत सातवीतल्या एका मुलाने शिपाईदादांच्या नळीवर असाच पाय दिला होता. शिपाईदादा चिंब भिजून स्वतःच हसत होते. आम्ही मात्र त्या मुलास हाताला धरून प्रार्थनेच्या ओट्यापर्यंत नेले आणि सर्व शाळेदेखत छड्या दिल्या. बागेतच दोन शब्द सांगून भागले असते. पण ओट्यावरचे सर्वांना दिसते. तो मुलगा आता गृहस्थ झाला आहे. बाजारात भेटला की वाकून नमस्कार करतो. त्या दिवसाचा विषय त्याने कधी काढला नाही. आम्हीही नाही.

"अहो, चार वेळा झाले पाहून," सौभाग्यवती म्हणाल्या. पाचव्यांदा आम्ही शेवटाकडे नीट पाहिले. पोरगा निघून जातो आणि माळी नळी उचलून पुन्हा पाणी घालू लागतो.

१८९६ मध्ये ओझोल नावाच्या चित्रकाराने या चित्राची जाहिरात रंगविली. तीत प्रेक्षक हसत बसले आहेत, पडद्यावर माळी भिजतो आहे, पोरग्याचा पाय नळीपाशी आहे. चापट्या कोठेच नाहीत. "मामा, याचे छापील कार्ड मिळेल," भाचा म्हणाला. आम्ही दोन घेतली. एक शिपाईदादांना द्यावयाचे आहे. ते निवृत्त होऊन गावी असतात. दुसरे अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे.