तिन्ही बाजूंनी समुद्र

देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग उभा आहे. तिन्ही बाजूंनी पाणी, एकीकडेच जमीन. शिलाहारकाळात उभारलेला हा किल्ला शिवाजी महाराजांनी बळकट केला. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे मोठे ठाणे झाला. १७२० मध्ये इंग्रजांचा हल्ला येथे फसला. १७५६ मध्ये मात्र पेशव्यांशी संधान बांधून आलेल्या इंग्रजांनी किल्ला घेतला आणि आंग्र्यांची गलबते येथेच जळाली. आपसांतील दुहीची ही किंमत मुलांना तटावर उभे राहूनच सांगावी.

मात्र तट सकाळीच चढावा. दुपारी दगड तापतो, दमट हवेत घाम वाळत नाही. वृद्ध आणि मुले लवकर थकतात. अशा वेळी बाटलीतल्या गोड पेयापेक्षा उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज बरी: घामावाटे गेलेले पाणी आणि मीठ ती भरून काढते. जेवणात कुळथाची पिठी, तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले आणि आमसुलांची सोलकढी असावी. रक्तदाब असणाऱ्यांनी खारवलेली सुकी मासळी मात्र टाळावी.

दुसरा दिवस कुणकेश्वरच्या पुळणीसाठी राखावा. ओल्या वाळूवर अनवाणी चालावे. पण पाण्यात उतरण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ गावकऱ्यांना विचारावी आणि त्यांनी नको म्हटले, तर काठावरच थांबावे. या किनाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या माणसे जगवली, ती त्याच्या वेळा पाळणारी. दोन दिवस आपणही त्या पाळाव्यात.