पावसातले सरोजिनी नगर

दिल्ली म्हटली की लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट एवढीच आपली यादी असते. पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे जाणे झाले आणि आभाळ भरून आले, तर एक दिवस सरोजिनी नगरसाठी राखून ठेवा. फक्त सोमवार टाळा. त्या दिवशी बाजार बंद असतो.

मेट्रोची पिंक लाइन २०१८ साली इथवर आली. वाटेतली स्थानके वाचत गेलात तर गंमत वाटेल. आधी लागते दुर्गाबाई देशमुखांचे स्थानक. या आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी. पुढे मुंबईच्या भिकाजी कामा, आणि लगेच सरोजिनी नायडू. तीन कर्तबगार स्त्रिया भेटल्या की बाजार आलाच!

इथे मिळतो तो मुख्यतः निर्यातीतून उरलेला माल. परदेशी ऑर्डर रद्द झाली, जादा नग शिवले गेले किंवा शिवणीत एखादा दोष राहिला, की ते कपडे इथे येतात. म्हणूनच पुष्कळदा लेबल कापलेले असते. एरवी इथे मुंगीला वाट मिळत नाही. सर आली की मात्र चित्र पालटते. पटरीवाले चटकन ढिगांवर प्लॅस्टिक ओढतात, ताडपत्रीत साठलेले पाणी काठीने उडवतात आणि गिऱ्हाईक दुकानांच्या वळचणीला उभे राहते. आपल्याला घासाघीस करायला ही वेळ सोयीची, पण ज्याचे पोट रोजच्या विक्रीवर आहे त्याचा दिवस या पावसाने वाहून जातो, हेही ध्यानात असू द्यावे.

पाऊस ओसरला की भाजीबाजारावरून वसाहतीकडे चालत जा. १९५० च्या दशकात सरकारी नोकरांसाठी इथे दुमजली क्वार्टर्स बांधली गेली. समोर हिरवळ, डोक्यावर कडुनिंब. त्यांच्या गरजेपोटी हा बाजार वाढला. २०१६ साली वसाहतीच्या पुनर्विकासाला मंजुरी मिळाली आणि जुन्या घरांच्या जागी उंच इमारती आल्या. २०१८ च्या जूनमध्ये इथली झाडे तुटणार म्हणताच नागरिक त्यांना मिठी मारून उभे राहिले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. पावसात न्हालेला एखादा जुना वृक्ष पाहिला की त्या मिठीचा अर्थ कळतो.

या बाजाराने त्याहून मोठा घाव सोसला आहे. २९ ऑक्टोबर २००५ रोजी, ऐन दिवाळीच्या खरेदीत, दिल्लीत बॉम्बस्फोट झाले. साठाहून अधिक माणसे गेली आणि त्यांतली बहुतेक इथली होती. पणत्या, नवे कपडे घ्यायला आलेली घरेच्या घरे उद्ध्वस्त झाली. तरीही बाजार पुन्हा उभा राहिला. दिव्यांचे दिवस आले की आजही गर्दीने फुलतो.

जाताना छत्री, सुटे पैसे आणि पाण्याने खराब न होणाऱ्या चपला घ्या. कपडा उजेडात धरून शिवण, चेन, डाग तपासा. परत घेतील ही आशा नको. खरेदी झाली की निखाऱ्यावर भाजलेले, लिंबू-मीठ चोळलेले कणीस घ्या. भाव जरूर करा, पण भिजत उभ्या असलेल्या पोराशी शेवटच्या दहा रुपयांसाठी हुज्जत घालू नका. ते दहा रुपये आपल्यापेक्षा त्याला अधिक हवे असतात.