ठेका थांबतो तेव्हा

चंद्रपूरला ऑक्टोबरात भीमगीतांचा ऑर्केस्ट्रा रंगात आला की निवेदकाला मोह होतो तो आवाज चढवण्याचा. मागे ढोलक, बेंजो, ऑक्टोपॅड, कोरस. साउंडवाला एको द्यायला टपलेला. त्यात आमच्या लोकांचे कान झाडीपट्टीच्या नाटकांतल्या पल्लेदार संवादांवर पोसलेले. बाबासाहेबांचं वाक्यही तसंच फेकावं, असं वाटतं. मी फेकत नाही.

माणसावरचा जीव गाण्यात ओतावा. वामनदादा कर्डकांनी तो घराघरांत पोचवला. निवेदनात मात्र त्या माणसाचं म्हणणं यावं.

अंतरा संपतो, ढोलकवाला समेवर थांबतो. कीबोर्डवर नुसता षड्ज. एको बंद. मग मी तारीख सांगतो, १६ ऑक्टोबर १९५६. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेब इथे आले आणि इथेही दीक्षा दिली. तेव्हा हा चांदा जिल्हा. गडचिरोली त्यातच, वेगळा झाला १९८२ साली. हे मुद्दाम सांगतो. आरमोरी-वडशाकडून आलेल्याला कळावं, की ती दीक्षा आपल्याच जिल्ह्यात झाली. श्रोत्यांत तेव्हा आईच्या कडेवर बसून आलेलंही कुणी असतं. त्यांच्यापुढे विशेषणं कशाला हवीत?

अमेरिकन संगीतकार आरन कोपलँड यांनी १९४२ साली, महायुद्ध पेटलेलं असताना, लिंकनवर अशीच रचना केली. बराच वेळ वाद्यवृंद एकटाच वाजतो. निवेदक उशिरा येतो आणि मुख्यतः लिंकनचेच शब्द बोलतो. त्या शब्दांवर फाजील जोर देऊ नये, असं कोपलँड यांनी बजावून ठेवलंय. हे वाचलं तेव्हा आपल्याच पेशातला वडीलधारा भेटल्यासारखं वाटलं.

माझ्या संहितेतली सगळ्यांत अवघड जागा म्हणजे २५ नोव्हेंबर १९४९चं संविधान सभेतलं भाषण. राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, हा विरोध आपण किती काळ चालवणार, असं बाबासाहेब विचारतात. तिथे मी काहीच वाजू देत नाही, षड्जसुद्धा नाही. तरुण वादकांना ती पोकळी खटकते. रंग उतरेल, लोक उठतील, असं वाटतं. पण हा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि तो ठेक्यावर बसवला की नुसती टाळीची जागा होऊन बसतो. म्हणून ढोलकवाल्याला सांगून ठेवलंय: टाळी आली तर संपू दे, नाही आली तरी घाई नको. पुढचं गाणं माझ्या खुणेवर.