घाटकोपरहून इलिनॉयला

घाटकोपर (पूर्व),
११ जुलै

चि. सिद्धार्थ,
सप्रेम जय भीम.

तू तिकडे शिकायला गेल्यापासून मी इलिनॉयचा इतिहास वाचतोय. रिटायर मास्तराला दुसरा काय उद्योग! तुझ्या राज्याचा एक गव्हर्नर होता, एडवर्ड कोल्स. व्हर्जिनियाचा जमीनदार. वारशात आलेले गुलाम घेऊन १८१९ साली पश्चिमेला निघाला आणि ओहायो नदीत, नावेवरच, त्यांना मोकळं केलं. वर कुटुंबामागे १६० एकर जमीन दिली. लोक नावेचं कौतुक करतात, मला जमीन मोठी वाटते. आपले आजोबाही मोकळेच होते की, पण सातबाऱ्यावर नाव कुठं होतं?

पुढे घटना बदलून तिथं गुलामी आणायचा घाट घातला गेला. १८२४ च्या मतदानात ४,९७२ मतं बाजूनं पडली, ६,६४० विरोधात. कोल्सची बाजू जिंकली. पण विरोधात मत देणाऱ्या पुष्कळांना जशी गुलामी नको होती, तसा काळा शेजारीही नको होता. त्याच राज्यानं १८५३ साली कायदा केला: बाहेरून आलेला काळा माणूस दहा दिवसांहून जास्त राहिला तर ५० डॉलर दंड. नाही भरला, तर त्याच्या मजुरीचा लिलाव.

हे वाचताना मुलुंडचा तो दलाल आठवला. तुझ्या आईसोबत भाड्याची खोली बघायला गेलो होतो. डिपॉझिट ठरलं, चहासुद्धा झाला. मग, 'आडनाव काय म्हणालात?' संध्याकाळी फोन आला, मालकांचा विचार बदलला म्हणून. इथं तसला कायदा नाही. लागलाही नाही.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेला अर्पण केली, असं मी वर्गात वर्षानुवर्षं सांगायचो. चुकत होतो. अर्पण केली ती गुलामांसाठी झिजलेल्या तिथल्या भल्या लोकांना. सगळा देश तसा नव्हता. तुझ्याच राज्यात, ऑल्टनला, एलायजा लव्हजॉय नावाचा संपादक गुलामीविरुद्ध लिहायचा. १८३७ साली छापखाना वाचवताना जमावाच्या गोळीनं गेला. तो अमेरिकन, तसा तो जमावही अमेरिकनच.

सकाळी रमाबाई नगरात जाऊन आलो. १९९७ साली आजच्याच दिवशी पोलीस गोळीबारात तिथली १० माणसं गेली. ऑल्टनमध्ये लव्हजॉयचं स्मारक आहे म्हणतात. सुट्टीत जमलं तर जाऊन ये, आणि फोटो पाठव.

तुझा,
मामा