बाराच्या उन्हातला पळस

देवगाव फाट्यावर जिंतूरच्या एसटीची वाट बघत उभा होतो. मार्चातली दुपार, बाराचा सुमार. बांधावर एक पळस फुलून आलेला, अंगावर पान म्हणून नाही. कॉलेजातला वाटावा असा एक मुलगा मोबाइलवर त्याचा फोटो काढायला बघत होता, पण जमेना. पडद्यावर पाकळी नाही, देठ नाही, नुसता केशरी डाग. मग त्यानं डोळ्यांवरचा गॉगल काढला, त्याची एक काच लेन्ससमोर धरली आणि हळूहळू फिरवायला लागला. एका जागी आभाळ एकदम गडद निळं झालं आणि डागातून झाड वर आलं. "काका, हे बघा!" तो म्हणाला.

उन्हाचा एवढा सरळ वापर मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

फोटो काढणाऱ्यांचा एक जुना दंडक आहे: सकाळी काढा, संध्याकाळी काढा, दुपारी कॅमेरा पिशवीत ठेवा. मला तो मराठवाड्यात पटत नाही. संध्याकाळचं ऊन सगळ्यांनाच सोनेरी करून सोडतं. पत्र्याचं शेड, बैलाची पाठ, हरभऱ्याचं काड, सगळं एका रंगाचं. त्यात पळसाचं स्वतःचं काय उरलं? पळसाचा रंग त्याच्या एकट्याचा असतो तो बारा वाजता. तेव्हा सावल्या झाडांच्या बुडाशी गोळा होतात, काळी जमीन नांगरून उघडी पडलेली असते आणि दूरवर दुसरं काही रंगीत नसतं. पळस फुलतो तोच या उन्हात. मग त्याला भेटायला पाच वाजता का जायचं?

अडचणी आहेत, हे खरं. काळी जमीन बघून कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे, तो जास्त उजेड आत घेतो आणि फुलं फुटून जातात. त्यातही लाल रंग आधी काठोकाठ भरतो, आणि एकदा भरला की पाकळीची घडी, तिची वाकलेली चोच, काही उरत नाही. म्हणून पळसाचा फोटो थोडा अंधाराच घ्यावा. बाकीचं काम फिरत्या काचेचं. निळ्या आभाळातून येणारा उजेड सूर्यापासून काटकोनात असलेल्या पट्ट्यात सगळ्यात जास्त एका दिशेनं थरथरतो आणि पोलराइज्ड गॉगलाची ती काच, बरोबर फिरवली की, त्या दिशेचा उजेड अडवते. तर्जनी सूर्याकडे रोखायची, अंगठा काटकोनात ताठ धरायचा आणि मनगट फिरवायचं. अंगठा जिथून जिथून जाईल, तो तो पट्टा. आपल्याकडे २१ मार्चच्या आसपास दुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे ७० अंशांवर असतो, म्हणजे उत्तरेला क्षितिजापासून २० अंश वर आभाळ सर्वात जास्त गडद होऊ शकतं. सपाट रानात बांधावरच्या झाडाचा शेंडा नेमका तिथेच येतो. सूर्य पाठीशी, झाड उत्तरेला, काच फिरवून बरोबर जागी. डोंगराळ मुलखातल्या माणसाला हे इतकं सहज मिळत नाही.

अर्थात आभाळ धुतलेलं हवं. धुळीनं पांढुरकं झालेल्या आभाळापुढे या काचेचं काही चालत नाही. आणि मार्चात आभाळ धुऊन निघतं ते अवकाळीनं. उभा गहू आडवा पडतो, काढून ठेवलेला हरभरा भिजतो, आणि दुसऱ्या दिवशी आभाळ असं निळं की बघत राहावं. त्या सकाळी मी कॅमेरा घेऊन रानात जात नाही. ज्याचं पीक झोपलंय त्याच्या बांधावर उभं राहून त्याच्या आभाळाची तारीफ माझ्यानं होत नाही.

पळसाच्या पाकळीवर बाहेरून बारीक रुपेरी लव असते आणि कळीचा देठ काळपट मखमली. तिथे चकाकी फारशी नसते, म्हणून काच फिरवून फूल फार बदलत नाही, आभाळ बदलतं. काटेसावरीचं उलट आहे. तिची पाकळी जाड, तुकतुकीत. काच फिरवली की वरचा पांढरा चमकारा निघून जातो आणि खालचा लाल उघडा पडतो. कडुनिंबाच्या कोवळ्या तांबूस पानांचंही तेच. मात्र चकाकी पुरती काढली तर पान मेल्यासारखं दिसतं. मी काच अर्ध्यावर थांबवतो. थोडं ऊन पानावर राहू द्यावं.

ऐंशीच्या दशकात माझ्या मामांचा सेलूत स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, ओळखपत्रं हा धंदा, पण पळसाच्या दिवसांत ते मला सायकलवर पुढे बसवून रानात न्यायचे. गळ्यात दोन डोळ्यांचा याशिका, आत उटकमंडच्या कारखान्यात तयार झालेली 'इंदू' फिल्म, बारा फोटोंची. आणि शर्टाच्या खिशात फडक्यात गुंडाळलेली लाल काच. त्या कॅमेऱ्यात बघायचं वरच्या डोळ्यानं आणि फोटो निघायचा खालच्या डोळ्यातून. काच लागायची खालच्यावर, त्यामुळे ती काय करतेय हे काढणाऱ्याला कधी दिसायचं नाही. लाल काच उजेडाचा आठवा हिस्साच आत सोडते, तो हिशेब मामा बोटांवर करत. मी विचारलं, लाल फुलाला लाल काच कशाला? ते म्हणाले, "घरी चल, दाखवतो."

घरी म्हणजे मागच्या अंधाऱ्या खोलीत. तिथे लाल दिवा. कागद तबकातल्या रसायनात सोडला की आधी आभाळ यायचं, काळंभोर, कडेपासून आत पसरत. मग फांद्या. फुलांच्या जागी मात्र कागद कोराच राहायचा. लाल काचेनं फुलांचा सगळा उजेड आत घेतला होता आणि निळ्या आभाळाचा जवळजवळ सगळा अडवला होता; म्हणून काळ्या आभाळात पांढरा पळस. मामा तो फोटो वाळवून मग बारीक कुंचल्यानं त्या कोऱ्या जागांत केशरी रंग भरत. काच त्यासाठीच असायची, रंगाला जागा राहावी म्हणून. गिऱ्हाइकांना रंगवलेला आवडे. मला पांढरा आवडायचा, अजून आवडतो. कलर फिल्म स्वस्त झाल्यावर लाल काच खिशातून गेली, हे मला आजही बरं वाटत नाही.

त्या खोलीत लाल दिवा का चालतो, हे पुष्कळ नंतर कळलं. छपाईच्या त्या कागदाला लाल रंग दिसतच नाही. जुन्या काचेच्या प्लेटांनाही दिसत नसे. १८७३ मध्ये हेरमान फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञाला प्लेटांत रंगद्रव्य मिसळून त्यांना इतर रंग दाखवण्याची युक्ती सापडली, पण लालसुद्धा नीट पकडणाऱ्या प्लेटा बाजारात यायला विसावं शतक उजाडावं लागलं. सहाव्या निजामानं 'मुसव्विर जंग' असा किताब दिलेले छायाचित्रकार राजा दीनदयाळ १९०५ मध्ये वारले. सेलू-जिंतूरचा आमचा परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्याच राज्यात. त्या काळच्या कॅमेऱ्यापुढे आमचा पळस उभा राहिला असता तर काळा आला असता, फांदीपेक्षा फूल वेगळं कळलं नसतं. एवढ्या पिढ्यांनी ज्याच्या फुलांचा रंग होळीला उकळून अंगावर घेतला, त्याचा तो रंग पकडणारी प्लेट मिळायला इतका वेळ लागला.

लाल रंगाला मधमाशीही आंधळीच. पळसाचं खरं गिऱ्हाईक म्हणजे शिंजीर, साळुंक्या, बुलबुल. त्यांना लाल उत्तम दिसतो. पण मधमाशीला दुसरं काही दिसतं. आभाळातला तो काटकोनातला पट्टा तिला गॉगलाविना कळतो, आणि सूर्य ढगाआड असला तरी निळ्या आभाळाच्या तुकड्यावरून ती वाट काढते. कार्ल फॉन फ्रिश यांनी हे १९४९ मध्ये दाखवलं.

माणसाच्या डोळ्यातही याचा थोडा अंश आहे. १८४४ मध्ये विल्हेल्म हायडिंगर यांनी तो प्रथम नोंदवला. सूर्य मावळताना, आभाळ स्वच्छ असेल तर, अगदी डोक्यावर बघायचं आणि मान या खांद्याकडून त्या खांद्याकडे कलवायची. नजरेच्या मधोमध फिकट पिवळी, हात लांब धरून मोजली तर दोन-तीन बोटं रुंद पट्टी दिसते, तिच्या दोन्ही अंगांना निळसर छटा. पट्टीचा रोख सूर्याकडे असतो. नजर स्थिर ठेवली की ती विरते, मान पुन्हा कलवली की पुन्हा येते. पहिल्यांदा दिसायला वेळ लागतो. एप्रिलात धूळ चढण्याआधी बघून घ्यावं.