नेट कोण खातंय?

इंदूरच्या भाड्याच्या घरात आम्ही चौघं, नेटची लाइन एकच, ४० एमबीपीएसची. रात्री नऊला धाकटा आईला व्हिडिओ कॉल लावी आणि तिकडे त्याचा चेहरा गोठे. "नेट कोण खातंय रे?" रोजचं भांडण.

शेवटी जुन्या डेस्कटॉपला दुसरं नेटवर्क कार्ड लावून मी राउटर केला. त्यात ओपनडब्ल्यूआरटी, वाटणीला 'केक' (नावच तसं!). जाता-येता वेग मुद्दाम ३६ वर बांधला, म्हणजे रांग बाहेर न लागता आपल्याच डब्यात लागते. गर्दीत प्रत्येक यंत्राला सारखा तुकडा.

मग कुणाचा वापर किती, ते उघडून पाहिलं. नऊ वाजता अपलोड भरून टाकणारा लॅपटॉप माझाच. फोटोंचा बॅकअप.

सकाळचे पोहे-जिलेबी मीच आणले. धाकट्याने कारण विचारलं, तेव्हा सांगितलं.