गाठ आठव्यातच होती

फ्रेम तडकली याचं मला फारसं काही वाटत नाही. ग्रॅफाइट आहे, तडकतो. कधी कोर्टवर आपटल्यामुळे, कधी मूळचाच कच्चा निघाल्यामुळे. पण इंदूरच्या एका दुकानात काउंटरमागच्या मुलानं पेनच्या टोपणानं तारा मोजल्या, ‘गाँठ गलत जगह पे है’ म्हणाला आणि रॅकेट काचेवरून माझ्याकडे सरकवली, ते अजून डोक्यातून जात नाही. कारण मोजण्यात चुकत होता तो.

आम्ही मूळचे धारचे. पवार राजांच्या चाकरीत कुणी पूर्वज आला आणि राहिला, माळव्यातल्या अर्ध्या मराठी घरांची हीच हकीकत. वडील धारला टेनिस खेळत. लाकडी रॅकेट, तिला वाकू नये म्हणून चार खिट्ट्यांचा चौकटी प्रेस, आणि आतड्याची तात पावसाळ्यात दगा देते म्हणून रॅकेटची जागा स्वयंपाकघरातल्या फडताळात, आईची रोजची कुरकुर ऐकत. मी नोकरीसाठी देवासला आलो, निवृत्त झालो आणि दांडीला वजन लावून ताण देणारं साधं मशीन घेतलं. तेव्हापासून घरी गटिंग करतो, म्हणजे रॅकेटच्या तारा विणून देतो. देवासला गिऱ्हाइकाची वाण नाही. सॉफ्ट टेनिसचं हे गाव. इथलेच आध्या तिवारी आणि जय मीना भारताकडून हांगचौच्या एशियन गेम्सला खेळून आले. त्या खेळाचा चेंडू रबराचा, रॅकेट हलकी, ताण टेनिसच्या निम्म्याच्या आसपास. टेनिसवालेही येतात. इंदूरला नेलेली ती रॅकेट टेनिसचीच होती, एका मुलीची, मीच विणलेली.

गाठ कुठे मारायची हे सांगायला हवं, नाहीतर माझा राग समजणार नाही. उभ्या तारा सोळा असलेली फ्रेम घ्या. मधल्या रेषेपासून एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ. भोकंही मधल्या रेषेपासूनच मोजायची, डोक्याकडची निराळी आणि गळ्याकडची निराळी. आता आठ तारा म्हणजे पहिली आठ भोकं, असं नसतं. या फ्रेममध्ये सातवं आणि नववं भोक उभ्या तारांनी सोडायचं, तिथून आडव्या जातात. म्हणून सातवी उभी तार आठव्या भोकात बसते आणि आठवी दहाव्यात. शेवटची तार दहाव्यातून बाहेर पडली की फ्रेमच्या बाहेरून मागे वळवायची, आठव्या भोकातून आत घ्यायची आणि तिथे आधीच ताणून बसलेल्या सातव्या तारेला बांधायची. कंपनीच्या तक्त्यात ‘8टी’ असं काहीसं लिहिलेलं असतं, टी म्हणजे थ्रोट, गळा. त्या भोकातली प्लास्टिकची नळी मुद्दाम रुंद ठेवतात, दोन तारा जाव्यात म्हणून. दुसरं भोक निवडलंत तर टोचा घालून वाट करावी लागते. टोचा आधीच्या तारेला ओरखडला की पॉलिएस्टर बरोबर तिथेच तुटतं. नळी फाटली तर तार थेट ग्रॅफाइटच्या काठावर घासते. आणि फार लांबचं भोक घेतलंत तर चिमटा सोडल्याबरोबर शेवटची तार सैल पडते. गाठ स्वतः साधीच, दोन अर्धे फास. फक्त तिचं डोकं भोकापेक्षा मोठं हवं, नाहीतर ताण आला की ती आतच ओढली जाते.

अखंड एकाच तारेनं विणलं तर गाठी दोन. उभ्या-आडव्या वेगळ्या तुकड्यांनी विणल्या तर चार. मी दोन तुकड्यांनीच विणतो. आडव्या डोक्याकडून सुरू करून गळ्याशी संपवायच्या, हा नियम मात्र पाळायचाच. उलट विणलं तर सगळा भार शेवटी डोक्याकडे जातो आणि फ्रेम खरंच तडकू शकते.

तर त्या मुलीची रॅकेट नवी होती, हमीच्या मुदतीतली. तडा डोक्याला, घड्याळात दोन वाजतात त्या जागी. तिची आई म्हणाली, काका, तुम्हीच चला सोबत, आम्हाला त्यातलं कळत नाही. गेलो.

दुकानातल्या मुलानं तडा पाहिलाच नाही. रॅकेट उलटी केली, गळ्याशी गेला आणि मधून मोजायला लागला. एक, दो, तीन. टोपण तारेवरून तारेवर उडी मारत होतं. सातवर आल्यावर थांबला. ‘चार्ट में आठ है, ये सात है.’

मी म्हटलं, ‘भैया, तार मत गिनो, छेद गिनो.’

‘अंकलजी, हम रोज़ यही करते हैं.’

मी नख सातव्या भोकावर ठेवलं. इथे उभी तार नाही म्हणून तुझी उडी जाते आहे, पण भोक आहे की नाही? तो म्हणाला, ये तो आड़ी वाली का है. अरे, आडवीचं असेना, मोजणीत येतं ना! तक्ता छापणाऱ्यानं भोकं मोजली आहेत, तारा नाहीत. त्यानं मॅनेजरला हाक मारली. मॅनेजर रुमालाला हात पुसत आले, सेव-पोह्यांचा वास घेऊन, आणि त्यांनीही तारा मोजल्या. त्यांचंही उत्तर सात. दोन माणसांचं उत्तर सारखं आलं म्हणजे ते खरंच असणार, असा दोघांचा चेहरा. मी म्हटलं, बरं, सातव्यात आहे असं धरून चला. गाठ गळ्याशी, तडा डोक्याला. हातभर लांबची गाठ डोकं कसं फोडेल? त्यावर मॅनेजर शांतपणे म्हणाले, ‘बाहर की गटिंग पे क्लेम वैसे भी नहीं बनता.’

हेच आधी सांगितलं असतं तर मी चहा पिऊन परत आलो असतो. नियम आहे, पटो न पटो. पण नियम खिशात ठेवून आधी माझ्या हाताला नावं ठेवायची, तीही चुकीचं मोजून, हे कशासाठी?

मुलीची आई म्हणाली, ‘काका, जाऊ द्या ना.’ आणि माझ्यादेखत तिथूनच दुसरी रॅकेट घेतली. नवीवर गटिंग फुकट होतं.

पालकांना एक सांगतो. रॅकेट घेतल्यावर हमीच्या कागदावरचा बारीक मजकूर दुकानातच वाचा, गटिंग बाहेर केलेलं चालतं का ते विचारा, आणि गटिंग झाल्याबरोबर चारही गाठींचे फोटो काढून ठेवा. विणणारा चिडला तर चिडू द्या. मी आधी चिडायचो, आता स्वतःच काढून देतो.

तक्त्याचा एवढा कैवार घेतो आहे, पण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या जुन्या रॅकेटींना तक्ता लागू पडत नाही. नळ्या झिजलेल्या, आठव्यातली चिरलेली. मग मी सहाव्यात बांधतो आणि कुणाला विचारत नाही. तक्ता नव्या फ्रेमसाठी असतो. तेव्हा कुणी मोजून पकडलं तर मी तिथेही भांडेन, आणि बहुधा याच आवाजात.

काही आठवड्यांनी ती मुलगी दुकानात विणलेली ती नवी रॅकेट घेऊन आली, ताण जास्त वाटतो म्हणून. तारा कापण्याआधी मी गळ्याशी नख ठेवून मोजलं. गाठ आठव्यात. खरं सांगतो, ती चुकलेली असती तर मला बरं वाटलं असतं. पण गाठ घट्ट होती, शेपूट नेमकं तेवढंच ठेवून तिरकं कापलेलं, शेवटच्या तारेवर कुठे ओरखडा नाही. कसबी माणसाचं काम. म्हणजे त्या दुकानाच्या मागच्या खोलीत कुणीतरी आहे ज्याला आठवं भोक कुठलं ते नीट माहीत आहे. त्याला बाहेर बोलावलं असतं तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. किंवा नसताही लागला. पगार त्यालाही तिथूनच मिळतो.